ऑनलाइन प्रशिक्षण : पडद्यापासून शेतापर्यंत

कृषी विज्ञान केंद्राच्या आकृतिबंधात १६ पदे असतात. त्यांत विषय विशेषज्ञ अवघे सहा. त्यांपैकी एक जण आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेला, की त्या विषयाचे काम तेवढे दिवस थांबते. ऑनलाइन शिक्षणाने ही अडचण बरीच दूर केली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’स मंजुरी दिली आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हा मंच उभा राहिला. ज्यांना तो उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी ‘स्वयम्’ २०१७ पासून खुले आहेच.

मंच मिळाला, वेळेचे काय? ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी किमान ४ तासांच्या शिक्षणाचे लक्ष्य होते. असे तास कार्यालयीन वेळेत राखून ठेवले नाहीत, तर ते रात्री घरी, स्वतःच्या मोबाइलवर पुरे करावे लागतात. मग चित्रफीत एकीकडे चालू राहते आणि प्रमाणपत्र तेवढे हाती येते.

या उणिवेचे मोल शेतात कळते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेच पाहावे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे, हे पडद्यावर दहा मिनिटांत समजते. परंतु सापळ्यात अडकलेला पतंग गुलाबी बोंडअळीचाच आहे हे ओळखणे, पाकळ्या मिटून राहिलेली डोमकळी हेरणे, २० हिरवी बोंडे फोडून त्यांपैकी किती किडली ते मोजणे, यासाठी डोळ्यांना सवयच व्हावी लागते. बोंड बाहेरून निरोगी दिसते. अळी आत असते. येथे अंदाज चुकला तर शेतकऱ्याची एक फवारणी वाया जाते, किंवा वेचणीच वाया जाते.

म्हणून पाठाचा हंगामही पाहिला पाहिजे. बोंडअळीचा पाठ मार्चमध्ये उरकून त्याची नोंद करण्यात फारसा अर्थ नाही. कपाशी पात्यांवर असताना सकाळी तासभर पाठ आणि त्याच आठवड्यात केंद्राच्या प्रक्षेत्रावर मोजणी, अशी सांगड केंद्रप्रमुखांना फारशा खर्चाविना घालता येते. प्रमाणपत्राच्या जोडीला त्या मोजणीचा कागदही कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षण नोंदीत लावावा.