पिकातील विष आणि किडीची प्रतिकारशक्ती : पाळत कशी व कशासाठी?

सन 2009 च्या हंगामात अमेरिकेतील आयोवा राज्यातील काही शेतकऱ्यांना मक्याच्या पिकाबाबत एक विपरीत अनुभव आला. जमिनीत राहून मक्याची मुळे कुरतडणाऱ्या अळीला मारण्याचा गुण ज्या वाणात मुद्दाम घातलेला होता, त्याच वाणाची मुळे त्या अळीने खाऊन टाकली होती. आयोवा राज्य विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी अशा शेतांतून त्या किडीचे भुंगेरे गोळा केले, प्रयोगशाळेत त्यांची अंडी घेतली आणि त्यांतून निघालेल्या अळ्या त्याच वाणाच्या रोपांवर सोडल्या. इतर शेतांतून आणलेल्या अळ्यांपेक्षा या अळ्या अधिक संख्येने जगल्या. बाधित शेतांत निदान तीन वर्षे लागोपाठ तोच मका पेरलेला होता. हा निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाला. सदर वाण 2003 साली बाजारात आले होते. म्हणजे अवघ्या सहा हंगामांत किडीने त्यावर मात केली होती.

हे कसे घडते, ते वेळेवर ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ कोणते उपाय योजतात आणि त्यात शेतकऱ्याचा वाटा कोणता, हे समजून घेणे आपल्याकडील कापूस व मका उत्पादकांनाही उपयुक्त ठरेल.

विष कोठून येते?

मातीत ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा एक सूक्ष्म जीवाणू आढळतो. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीटी’ हा शब्द रूढ झाला. हा जीवाणू एक प्रकारचे प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट जागी चिकटते व तेथे छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात या प्रथिनाला चिकटण्याजोग्या तशा जागा नसतात.

हे प्रथिन बनविणारे जनुक मक्याच्या पेशीत घालून तयार केलेल्या वाणांची लागवड अमेरिकेत 1996 पासून सुरू झाली. खोड पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव त्यामुळे इतका घटला की, ज्या शेजाऱ्यांनी साधा मका पेरला होता त्यांच्या शेतांतही अळी कमी झाली. अमेरिकेतील पाच राज्यांच्या अभ्यासात, चौदा वर्षांत झालेल्या एकूण लाभापैकी निम्म्याहून अधिक लाभ साधा मका पेरणाऱ्यांच्या पदरात पडल्याचे दिसून आले. या अभ्यासाचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

एखादी अळी विषाची सवय लावून घेते, असा समज आहे. तो बरोबर नाही. लक्षावधी अळ्यांत एखादीच अळी जन्मतः अशी असते की, तिच्या आतड्याला ते विष बाधत नाही. इतर मरतात, ती जगते. तिची संतती वाढते. दरवर्षी सर्वत्र एकच विष राहिले, तर काही पिढ्यांत तशाच अळ्यांचे राज्य होते.

यावर उपाय म्हणून ‘आश्रयपीक’ ही कल्पना पुढे आली. बीटी पिकाजवळ काही भागात साधे वाण पेरावयाचे. तेथे विषाला बळी पडू शकणारे असंख्य पतंग तयार होतात. बीटी पिकातून वाचलेल्या एखाद्या पतंगाचा संबंध त्यांच्याशी येतो. होणाऱ्या संततीत प्रतिकाराचे जनुक एकाच बाजूने आलेले असते. पिकातील विषाची मात्रा भरपूर असेल, तर अशी मिश्र संतती मरते व ते जनुक दुर्मीळच राहते. यास्तव अमेरिकेच्या मका पट्ट्यात, एकच विष असलेल्या वाणांसाठी वीस टक्के क्षेत्र साध्या मक्याखाली ठेवण्याचा नियम करण्यात आला. मुळे खाणाऱ्या अळीच्या बाबतीत मात्र विषाची मात्रा तितकी प्रखर नव्हती; त्यामुळे मिश्र संततीही वाचू शकली.

पाळत ठेवण्याच्या पद्धती

पाळत ठेवण्याचे काम दोन बाजूंनी चालते. पहिली बाजू प्रयोगशाळेची. निरनिराळ्या भागांतून अळ्या, अंडी वा पतंग गोळा करतात व त्यांच्या संततीला ठरावीक मात्रेचे विष मिसळलेले खाद्य देतात. ही मात्रा अशी ठरविलेली असते की, सामान्य अळ्यांपैकी शेकडा नव्याण्णव मराव्यात. वाचणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजतात. अर्ध्या अळ्या मारण्यास किती विष लागते, हेही मोजतात. कधीही विषाच्या संपर्कात न आलेल्या, प्रयोगशाळेत सांभाळलेल्या अळ्यांशी त्या आकड्याची तुलना करतात.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. समजा, प्रतिकाराचे जनुक हजारात एक इतके विरळ आहे. दोन्ही बाजूंनी ते जनुक आलेली अळी मग दहा लाखांत एक असणार. हजार अळ्या तपासूनही ती हाती लागणार नाही. तेच जनुक दहात एक इतके पसरले की तशी अळी शंभरात एक सापडते. परंतु तोवर उशीर झालेला असतो. म्हणून शास्त्रज्ञ शेतातून आणलेल्या एकेका मादीची संतती वेगळी वाढवितात, त्या भावंडांचा आपसांत संकर करतात व नातवंडांची परीक्षा घेतात. आजीकडे लपलेले जनुक असेल, तर काही नातवंडांत ते दोन्ही बाजूंनी येऊन उघड होते.

दुसरी बाजू शेताची. बीटी पिकात अनपेक्षित नुकसान दिसले की शेतकऱ्याने कळवावयाचे. त्यानंतर ते झाड खरोखर बीटी आहे काय, हे पानाचा तुकडा घेऊन तपासतात; कारण भेसळीचे बी किंवा चुकून मिसळलेला साधा दाणा हेही नुकसानीचे कारण असू शकते. झाड बीटीच निघाले, तर तेथील कीड प्रयोगशाळेत नेतात.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात 2018 साली खोड पोखरणाऱ्या अळीची प्रतिकारशक्ती याच मार्गाने उघडकीस आली. मक्याची हानी शेतात दिसली, अळ्या गोळा झाल्या, परीक्षा झाली. या किडीने बीटी मक्यावर प्रत्यक्ष शेतात मात केल्याचे ते पहिले उदाहरण होय. त्यापूर्वी प्वेर्तो रिको बेटावर 2006 साली लष्करी अळीने एका बीटी मक्याला दाद दिली नव्हती, तर दक्षिण आफ्रिकेतील खोडकिडीची अशीच हकीकत 2007 साली प्रसिद्ध झाली होती.

आपल्यापुरता बोध

भारतात जनुकबदल केलेल्या मक्याच्या व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेली नाही. परंतु प्वेर्तो रिकोतील तीच लष्करी अळी 2018 साली शिवमोग्गा जिल्ह्यातील मक्यावर आढळली व नंतर देशभर पसरली. मक्याचा पोंगा पोखरणारी ही अळी बेळगाव भागातील शेतकऱ्यांस आता नवखी नाही.

कापसाची कथा तर आपल्या अंगावरून गेली आहे. बीटी कापसास 2002 साली मान्यता मिळाली. त्याबरोबर वीस टक्के क्षेत्र अथवा सभोवार पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढा साधा कापूस लावण्याची अट होती. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या बियाण्याचे पाकीट मिळत असे. ते पाकीट अनेकांनी बांधावरच टाकून दिले. 2010 साली गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने एका जनुकाच्या कापसावर मात केल्याचे जाहीर झाले. 2006 पासून आलेला दोन जनुकांचा कापूसही 2014-15 च्या सुमारास तेथे निष्प्रभ ठरू लागला. याउलट अमेरिकेत आश्रयपीक, पाळत, वंध्य पतंग सोडणे व वेळेवर पीक काढणे यांची सांगड घालण्यात आली आणि 2018 साली तेथील कापूस गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. कीड तीच, विषही त्याच जातीचे. फरक पडला तो सामुदायिक शिस्तीचा.

पाकीट टाकून देणाऱ्या शेतकऱ्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. साध्या कापसाच्या ओळींत त्याचे नुकसान होते ते त्याच वर्षी, त्याच्याच खिशातून. लाभ मात्र साऱ्या गावाचा आणि तोही पुढील वर्षांचा. पाटाच्या पाण्याप्रमाणे किडीची विषाला बळी पडण्याची क्षमता हीदेखील गावाची सामाईक ठेव आहे. ती एकट्याने राखता येत नाही, एकट्याने उधळता मात्र येते. म्हणूनच ही गोष्ट आधी समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे व शिक्षकांचे काम आहे.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कापसात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद ठेवावी. लागोपाठ तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ वा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावेत. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. फरदड घेऊ नये. बीटी पिकात अळी जिवंत दिसल्यास फवारणी करून मोकळे न होता, पिकाचे वाण, पेरणीची तारीख व शेताची जागा यांसह कृषी साहाय्यकास कळवावे. शाळेच्या विद्यार्थ्यांकडून गावातील सापळ्यांची मोजणी करवून फळ्यावर आकडे लिहिल्यास विज्ञानाचा पाठ होईल आणि गावाला वेळेवर इशाराही मिळेल.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची दृष्टी कितीही सूक्ष्म असली, तरी तो प्रत्येक शेतात उभा राहू शकत नाही. तेथे शेतकरीच उभा असतो. त्याने पाहिलेली पहिली जिवंत अळी वेळीच कळली, तरच पुढील सारी तपासणी सार्थकी लागते.