पीएनजी झाली, चमक गेली!

फ्लेक्सवर गणपतीमागे सोनेरी प्रभा हवी असते. नेटवरून काळ्या पार्श्वभूमीवरची प्रभा उतरवायची, फोटोशॉपमध्ये थराला 'स्क्रीन' मोड लावायचा, की काळं गायब आणि प्रकाश हजर! मग मागचा थर बंद करून पारदर्शक पीएनजी काढली, की तोच काळा चौकोन बाप्पामागे ठाण मांडून बसतो. शिव्या पीएनजीला पडतात, पण यात तिचा दोष फारसा नाही.

स्क्रीन, मल्टिप्लाय, ओव्हरले हे रंग नव्हेत, ही गणितं आहेत. मल्टिप्लाय म्हणजे वरच्या पिक्सेलचा आकडा गुणिले खालच्याचा, भागिले 255. खालचा थरच बंद असेल तर गुणायचं कशाशी? सॉफ्टवेअर मग तो थर साधा 'नॉर्मल' धरून मोकळं होतं. त्यात रंगीत पीएनजीमध्ये एका पिक्सेलला आकडे चारच: लाल, हिरवा, निळा आणि तो किती अपारदर्शक हे सांगणारा अल्फा. 'खाली जो येईल त्याच्याशी गुणाकार कर' हा निरोप लिहायला जागाच नाही.

हा अल्फा 1977च्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांच्या डोक्यातून निघाला. 1984मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र चढवण्याचं गणित नीट मांडलं. पुढे या चौघांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. फोटोशॉपमध्ये थर मात्र 1994मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले!

आता खरी गंमत. काळी सावली मल्टिप्लायमध्ये ठेवा किंवा नॉर्मलमध्ये, फरक शून्य. काळ्याचा आकडाच शून्य, मग त्याला कशानेही गुणा! फोटोशॉपची 'ड्रॉप शॅडो' मुळातच काळी आणि मल्टिप्लायमधली असते, म्हणून ती पीएनजीत सुखरूप पोचते. कुणाला तरी सावली जांभळी करायची हौस येते आणि तिथून रडगाणं सुरू होतं. पांढऱ्या रंगाचं स्क्रीनशी असंच गूळपीठ आहे.

या हिशेबातूनच प्रभेवर तोडगा निघतो. गिंप या सॉफ्टवेअरमध्ये 'कलर टू अल्फा' नावाची आज्ञा आहे. तिला काळा रंग दाखवला की काळं तेवढं पारदर्शक होतं आणि प्रकाश अर्धपारदर्शक होऊन उरतो. पांढऱ्या झोताचा हिशेब चोख जुळतो. सोनेरी प्रभा गडद पार्श्वभूमीवर छान वठते, फिक्या पार्श्वभूमीवर जराशी वेगळी दिसते. काळ्या ठोकळ्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पीएनजी काढायच्या आधीच निकाल बघायचाय? फोटोशॉपमध्ये सगळे थर एका ग्रुपमध्ये घाला, मागचा थर तेवढा बाहेर ठेवा आणि ग्रुपचा मोड 'पास थ्रू'वरून 'नॉर्मल' करा. आता दिसेल तीच तुमची पीएनजी. ही युक्ती दुकानात भिंतीवर चिकटवून ठेवावी, असं माझं मत.

व्हिडिओवाले जास्त शहाणे. आगीच्या, धुराच्या क्लिपा ते बऱ्याचदा काळ्यावरच ठेवतात आणि एडिटिंगच्या वेळी स्क्रीन लावतात. म्हणजे गणित सोबत न्यायचंच नाही, मुक्कामी पोचल्यावर करायचं. वेबसाइटवरही तेच: सीएसएसमध्ये 'मिक्स-ब्लेंड-मोड'ची एक ओळ लिहिली की काम ब्राउझर करतो. पीडीएफला तर 2001च्या 1.4 आवृत्तीपासून ब्लेंड मोड लक्षात ठेवता येतात.

जाता जाता: पारदर्शक जागी दिसणारे करडे-पांढरे चौकोन चित्रात नसतात, ती फक्त सॉफ्टवेअरची खूण. तरीही नेटवर 'पारदर्शक पीएनजी' म्हणून उतरवलेल्या कित्येक चित्रांत हे चौकोन खरेखुरे छापलेले निघतात! याला विनोद म्हणावं की फसवणूक, तुम्हीच ठरवा.

ओव्हरलेवर मात्र इलाज नाही. खालचा रंग गडद असेल तर तो मल्टिप्लायसारखा वागतो, उजळ असेल तर स्क्रीनसारखा. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या या पाहुण्याला एका अल्फात कोंबता येत नाही. तिथे हट्ट सोडा आणि छपाईवाल्याला थरांसकट फोटोशॉपची पीएसडी फाइलच पाठवा.