सातची शाळा आणि सोळाव्या वर्षाचं घड्याळ

महाराष्ट्र सरकारने 8 फेब्रुवारी 2024 रोजी एक शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, अशी सूचना तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी दोनच महिन्यांपूर्वी केली होती. पालकांनी निर्णयाचं स्वागत केलं, स्कूलबसवाल्यांनी कुरकुर केली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी जागेची अडचण सांगितली. या सगळ्यात एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. सकाळी उशिराच्या शाळेची जास्त गरज कुणाला आहे, सात वर्षांच्या मुलाला की पंधरा वर्षांच्या?

झोपेचं विज्ञान या बाबतीत घुटमळत नाही. गरज पंधरा वर्षांच्या मुलाला जास्त आहे.

सात वर्षांचं मूल वेळेवर झोपलं तर सकाळी सहाला आपणहून उठतं आणि रविवारी आईबाबांनाही झोपू देत नाही. तेच मूल चौदा-पंधराचं झालं की रात्री साडेअकराला टक्क जागं असतं आणि सकाळी हाका मारून घरच्यांचा घसा बसतो. आपण याला आळस म्हणतो, मोबाइलला दोष देतो. मोबाइलचा वाटा आहेच, पण हा बदल मोबाइलच्या आधीपासूनचा आहे.

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलेल्या प्रारूपानुसार झोप दोन गोष्टी ठरवतात. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत अडेनोसिनसारखी द्रव्यं साठत जातात, आणि ती जितकी साठतील तितके डोळे जड होतात. दुसरी म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातलं शरीराचं घड्याळ. अंधार पडू लागला की ते पीनिअल ग्रंथीकडून मेलाटोनिन सोडवून घेतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. मूल वयात येताना या दोन्ही गोष्टी बदलतात. मेलाटोनिन पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागतं. झोपेचा दाबही सावकाश चढतो. कुकर तोच, पण आच मंद केल्यामुळे शिट्टी उशिरा व्हावी, तसा. नऊला पेंगणारं मूल म्हणूनच अकरापर्यंत ताजंतवानं राहतं. झोपेची गरज मात्र त्या मानाने फारशी घटत नाही. अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास.

हे उलगडण्यात झोप-संशोधक मेरी कार्सकॅडन यांचा वाटा मोठा आहे. 1970 च्या दशकात त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं भरवून मुलांची झोप मोजायला सुरुवात केली. तीच मुलं वर्षानुवर्षं परत येत आणि त्यांच्या डोक्याला तारा लावून झोपेच्या नोंदी घेतल्या जात. मुलं मोठी होतील तशी त्यांची झोप कमी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात झोपायची पूर्ण मुभा मिळाली तेव्हा मोठी मुलंही नऊ तासांच्या आसपास झोपली. पुढे ब्राउन विद्यापीठात त्यांनी शाळेची वेळ 8:25 वरून 7:20 वर आलेल्या मुलांचा अभ्यास केला. सकाळी साडेआठला त्यांना अंधाऱ्या खोलीत आडवं केलं, तेव्हा जवळजवळ निम्मी मुलं काही मिनिटांत थेट स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत गेली. एरवी ही अवस्था झोप लागल्यावर तास-दीड तासाने येते. वर्गात फळ्याकडे पाहत बसलेल्या या मुलांची जैविक रात्र अजून संपलेलीच नव्हती.

रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. गाढ झोप पूर्वार्धात येते आणि वाढीचं संप्रेरक प्रामुख्याने त्याच वेळी स्रवतं. त्यामुळे अकराला झोपलेल्या मुलाला साडेपाचला उठवलं की कात्री मुख्यतः रेमवर चालते, आणि भावनांचा समतोल राखण्याशी, शिकलेलं पक्कं करण्याशी रेमचा संबंध आहे. दहावीतलं पोर सकाळी अंगावर का येतं, याचं अर्धं उत्तर इथे सापडेल.

आता हे सगळं मुंबईच्या नकाशावर ठेवून पाहा. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई 73 अंशांच्या जवळ. म्हणजे मुंबईतलं भिंतीवरचं घड्याळ इथल्या सूर्याच्या सुमारे 39 मिनिटं पुढे चालतं. (1906 मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला होता आणि नंतर कित्येक दशकं शहरात ‘मुंबई टाइम’ पाळला गेला. निदान झोपेच्या बाबतीत ते आजोबा-पणजोबा बरोबर होते.) जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातची शाळा म्हणजे सूर्योदयाआधीची शाळा. संध्याकाळी उलटा प्रकार होतो. जूनमध्ये कोलकात्यात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, मुंबईत सव्वासातनंतर. अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या माहितीवरून दाखवलं आहे की वर्षाचा सरासरी सूर्यास्त एक तासाने उशिरा असेल, तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. सूर्य उशिरा मावळला म्हणून मुलं उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा काही थांबत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या मुलांना सातची शाळा कोलकात्यातल्या मुलांपेक्षा जास्त जाचते, ती अशी.

त्यावर क्लास. संध्याकाळी सहा ते नऊ नीटचा किंवा जेईईचा क्लास, घरी येऊन जेवण, मग शाळेचा गृहपाठ, आणि सकाळी सातला पुन्हा शाळा. या वेळापत्रकात आठ तासांची झोप बसवून दाखवा, असं आव्हान कुणाही संस्थाचालकाला द्यायला हरकत नाही.

‘आम्ही नाही का पहाटे पाचला उठून अभ्यास केला?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. केला असेलही. पण तेव्हा बहुतेक घरांत रात्री नऊ-साडेनऊला निजानीज होत असे. शिवाय कुणी जात्या पहाटेचा असतो, कुणी रात्रीचा. सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही. म्युनिकचे झोप-संशोधक टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा जमवून 2004 मध्ये दाखवलं की उशिरा झोपण्याकडचा हा कल विशीच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. कार्टं कायमचं बिघडलेलं नाही, एवढा दिलासा पालकांनी यातून घ्यावा.

वेळ बदलून फरक पडतो का? अमेरिकेत मिनेसोटातल्या इडायना गावाने 1996 मध्ये हायस्कूलची वेळ 7:20 वरून 8:30 केली. ‘पोरं आणखी उशिरा झोपतील’ असा नेहमीचा आक्षेप त्यावर होता. त्याचं उत्तर पुढे सिएटलमधून आलं. त्या शहराने 2016 मध्ये 7:50 वरून 8:45 केलं, तेव्हा तिथल्या वैज्ञानिकांनी मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली. रोजची झोप 34 मिनिटांनी वाढलेली निघाली. याच फेरबदलात सिएटलने बहुतेक प्राथमिक शाळा लवकरच्या पाळीत आणल्या, कारण लहानांना सकाळ जमते. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. 2022 पासून तिथे बहुतेक सरकारी हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपण नेमकं उलटं टोक धरलं. अनेक दोन पाळ्यांच्या शाळांत मोठ्या मुलांची सकाळ आणि लहानांची दुपार असते. तिथे पाळ्यांची अदलाबदल सर्वांत शहाणपणाची ठरली असती, आणि नऊच्या नियमाने तोच मार्ग बंद केला. लहान मुलं झोपेविना राहतात हे खरं आहे, पण त्याचं कारण बहुतांशी घरातल्या मोठ्यांचं दहाचं जेवण आणि अकरापर्यंतचा टीव्ही हे आहे. ते शासन निर्णयाने बदलत नाही.

ते घरातच बदलावं लागतं, आणि त्याची सुरुवात सकाळच्या उजेडापासून होते. उठल्या उठल्या पंधरा-वीस मिनिटं गच्चीत, गॅलरीत किंवा रस्त्यावर उघड्यावर काढली की शरीराचं घड्याळ मागे सरकतं आणि रात्री झोप लवकर येते. संध्याकाळी नेमकं उलट करायचं. डोळ्यातल्या काही खास पेशी निळसर प्रकाश पकडून मेलाटोनिन अडवतात, आणि वयात येणाऱ्या मुलांची यंत्रणा या बाबतीत जास्तच हळवी असते. जेवणानंतर ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा लावणं सर्वांना परवडतं. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर मुलाच्या झोपेच्या वेळी टीव्ही बंद करणं हाच उपाय, आणि तो मोठ्यांनी करायचा आहे. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, आईबाबांचाही. नाहीतर मुलं ऐकणार नाहीत आणि त्यात त्यांचं चुकणारही नाही.

चहाबद्दल आपण फारच उदार आहोत. कॅफिन अडेनोसिनची जागा अडवतं आणि शरीरातून निम्मं जायलाच पाच-सहा तास घेतं. ‘अभ्यासाला बसायचंय’ म्हणून रात्री आठला दिलेला कप मध्यरात्रीनंतरही काम करत असतो. रविवारी बारापर्यंत झोपू दिलं की घड्याळ आणखी पुढे ढकललं जातं आणि सोमवार बिघडतो. रोजच्यापेक्षा तास-दीड तास उशीर चालेल. दुपारची डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची, चारच्या आत. लहानांसाठी जुनी पद्धत अजून बिनतोड आहे: अंघोळ, गोष्ट, अंगाई, रोज त्याच क्रमाने आणि त्याच वेळी. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर मात्र सवयींच्या मागे न लागता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं; टॉन्सिल किंवा अडेनॉइड वाढलेले असू शकतात. आणि बाजारात मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नयेत.

पण घराने सगळं केलं तरी साडेपाचचा गजर घराच्या हातात नाही. तो शाळेच्या वेळापत्रकाने लावलेला आहे. पालक-शिक्षक संघ प्रत्येक शाळेत असतो, आणि त्याच्या बैठकांत सहल, फी आणि गणवेश यांच्यावर तासन् तास बोलणं होतं. जूनचं वेळापत्रक ठरण्याआधीच्या बैठकीत एकच विषय लेखी मांडा: आठवीपासून पुढच्या वर्गांची पहिली तासिका साडेआठच्या आधी नको.