पडलेला पाऊस, मुरलेला पाऊस

हिवरे बाजारात बोलायचं म्हणजे पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. इथे दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. पडलेला पाऊस वेगळा आणि मुरलेला वेगळा, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार!

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याकडे मात्र आपण असं बघत नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणीला दंत महाविद्यालय आहे, खेड्यांतली मुलं बीडीएसला जातात. त्यांचे ‘नीट’चे ७२० पैकी गुण म्हणजे पडलेला पाऊस. पुढे ते मुरतं कशानं?

आधी भाषा घ्या. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते, पण बीडीएसचं शिक्षण इंग्रजीत. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. मुलीला मुद्दा कळलेला असतो, पण तोंडी परीक्षेत वाक्य जुळत नाही, आणि समोरच्याला वाटतं, अभ्यासच नाही. जाणणं आणि परक्या भाषेत मांडणं या दोन गोष्टी आहेत. गुणपत्रिका त्या एकच धरते. आम्हाला हा अन्यायच वाटतो.

दुसरा हात. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा, उंचवटे आणि खाचा जागच्या जागी आल्या पाहिजेत. ‘नीट’मध्ये भौतिक, रसायन, जीवशास्त्र आहे, हाताबद्दल एकही प्रश्न नाही! ॲरिस्टॉटलनं म्हटलं होतं, की घरं बांधूनच माणूस गवंडी होतो. इथे लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात, म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही. म्हणून बारावीपर्यंत पहिला आलेला मुलगा इथे अडखळतो, आणि घरी शिवणकामाला बसणारी मुलगी कधी कधी पुढे निघते.

आणि मन? ‘एमबीबीएस हुकलं म्हणून डेंटल’ हे वाक्य घरातच इतक्या वेळा बोललं जातं, की मूल पहिलं वर्ष हरलेपणातच काढतं. त्यात वसतिगृहातली अपुरी झोप. हे कुठल्या निकालात दिसतं?

तर मूल नापास होऊन घरी आलं, तर ‘किती पडले?’ याच्या आधी विचारा: वाचलेलं कळत नव्हतं, सांगता येत नव्हतं, की हात वळत नव्हता? तिन्हींचे उपाय निराळे. कळत नसेल, तर शब्दांची वही घालून रोज दहा शब्द मराठी अर्थासह लिहायचे. सांगता येत नसेल, तर मैत्रिणीसमोर मोठ्यानं उत्तरं द्यायची. आणि हात वळत नसेल तर, बघा, मेणाचे ठोकळे फार महाग नसतात.