नीटमध्ये गुण कमी पडले? महाविद्यालयांची यादी भरण्याआधी हे वाचा

नीटचा निकाल लागला की पंचवटीतल्या वस्त्यांमधून आम्हाला दर वर्षी एकच प्रश्न येतो: "दादा, एवढ्या मार्कांत एमबीबीएस लागेल का?" उत्तर फक्त मार्कांवर ठरत नाही. रँक, कागदपत्रे आणि पसंतीक्रमाची यादी या तिन्हींवर ते ठरते. मार्क आता बदलणार नाहीत, बाकीचे मात्र आपल्या हातात आहे.

मार्क नव्हे, रँक पाहा

2024 मध्ये अनेकांना 720 पैकी 720 मिळाले. 2025 मध्ये पेपर अवघड गेला आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. त्यामुळे "गेल्या वर्षी अमक्या मार्कांना लागले" ही तुलना फसवी ठरते. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाच्या फेरीनिहाय याद्या उघडा. अनुसूचित जाती प्रवर्गात कोणते महाविद्यालय किती रँकवर बंद झाले ते लिहून काढा. पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचाही आकडा घ्या.

नाशिकबाहेर जायची तयारी ठेवा

घराजवळ आडगावला डॉ. वसंतराव पवार महाविद्यालय आहे, इगतपुरी तालुक्यात एसएमबीटी आहे. पण कमी रँक असताना यादी तिथेच थांबवू नका. विभागवार 70:30 चे सूत्र 2020 मध्ये रद्द झाले, त्यामुळे नाशिकच्या मुलाला मराठवाडा-विदर्भातल्या जागाही बरोबरीने खुल्या आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबारची शासकीय महाविद्यालये आहेतच. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात 10 नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात नाशिकसह गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, जालना ही नावे आहेत. नव्या आणि दूरच्या महाविद्यालयांची यादी बहुधा खालच्या रँकपर्यंत उतरते.

यादी कशी भरायची?

जागावाटप गुणवत्ता क्रमानेच होते. तुमचा क्रमांक आला की तुमच्या यादीतले वरून पहिले उपलब्ध महाविद्यालय तुम्हाला मिळते. म्हणून आवडते महाविद्यालय वर टाकल्याने खालची संधी जात नाही. संधी जाते ती यादी आखूड ठेवल्याने. जिथे खरोखर जाल ती सगळी महाविद्यालये टाका. जिथे जाणारच नाही ते टाकू नका, कारण पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली तर बाहेर पडावे लागू शकते. आणि 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म विचार करूनच भरा. तो भरला की पुढच्या फेरीत वरची जागा मिळत नाही.

फीचे गणित

खासगी महाविद्यालय म्हणजे आपले काम नाही, असे समजून अनेक पालक ती नावेच टाकत नाहीत. इथेच मोठी चूक होते. कॅप फेरीतून प्रवेश मिळाला तर वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांपर्यंत असणाऱ्यांना भारत सरकार शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असणाऱ्यांना फ्रीशिप महाडीबीटीवरून मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती नाही. म्हणून "सीट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहा. अभिमत विद्यापीठांत आपल्याला आरक्षण नाही आणि फी अनेक ठिकाणी वर्षाला 20 लाखांवर आहे. वसतिगृह मिळाले नाही तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

दाखले आधी, यादी नंतर

आमच्या ओळखीच्या एका मुलीची रँक पुरेशी होती, पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही आणि हातातली जागा गेली. घरात ती पहिलीच डॉक्टर झाली असती. वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधा. तो 1956 च्या धम्मदीक्षेआधीचा असल्याने त्यावर मूळ जात लिहिलेली असते. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता असेल तर काम सोपे होते. अडचण आली तर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात चौकशी करा.

ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असून भागत नाही, मूळ जातीचा उल्लेख हवा.

एवढे करूनही एमबीबीएस हुकले तर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसचे पर्याय नीटच्याच गुणांवर आहेत. पंचवटीत गणेशवाडीचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, दंत महाविद्यालयही आहे. पुन्हा वर्षभर तयारी करायची की यातले काही घ्यायचे, हे मुलाशी बोलून ठरवा.

1930 मध्ये याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारापुढे आपली माणसे हक्कासाठी उभी राहिली. आज महाविद्यालयाचे दार कायद्याने उघडे आहे. ते एका कागदासाठी बंद होऊ नये, म्हणून प्रत्येक विहारात या महिन्यात एक रविवार अर्ज भरून देण्यासाठी ठेवू या. जयभीम.