कपाशीचा हंगाम केव्हा संपवावा?
खेळ सिद्धांत आणि गावाचा निर्णय

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कपाशी हे पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाणारे पीक होय. वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी अशा तालुक्यांतील कुटुंबांचा वर्षाचा हिशेब आजही बहुतांशी याच पिकावर बसतो. डिसेंबर महिना सरत आला, मुख्य वेचे आटोपले, की ज्या शेतकऱ्याजवळ विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी आहे त्याच्यापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करावे, की एक-दोन पाणी देऊन फरदड घ्यावी आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी थोडा कापूस पदरात पाडून घ्यावा?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात अनेक निकष एकमेकांविरुद्ध उभे आहेत. फरदडीचा कापूस हातात रोख रक्कम आणतो आणि वेचणीच्या मजुरीने गावातील भूमिहीन कुटुंबांना हिवाळ्यात काम मिळते. उलट, शेतात उभी राहिलेली कपाशी म्हणजे गुलाबी बोंडअळीला मिळालेला आसरा होय. शिवाय तेच पाणी हरभऱ्याला देता आले असते, हाही विचार असतोच. एका निकषाला जे मानवते ते दुसऱ्याला मारक ठरते. अशा प्रसंगी निर्णय कसा घ्यावा, याविषयी गणिताच्या ‘खेळ सिद्धांत’ या शाखेने काही उपयुक्त विचार मांडले आहेत.

शत्रूची ओळख

गुलाबी बोंडअळी ही मुख्यतः कपाशीवर जगणारी कीड आहे. अळी बोंडात शिरते आणि आतील सरकी खाते. त्यामुळे वरून निरोगी दिसणारे बोंड आतून किडलेले असते. फुलात अळी शिरली की पाकळ्या नीट उमलत नाहीत व फूल डोमकळीसारखे दिसते. हंगामाच्या अखेरीस ही अळी सरकीत, वाळलेल्या बोंडांत किंवा जमिनीच्या भेगांत सुप्तावस्थेत जाते आणि पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. काही महिने शिवारात कपाशी मुळीच नसेल तर तिचे जीवनचक्र खंडित होते. फरदड हा कपाशीविना काळ कमी करते आणि किडीच्या पिढ्या वाढविते.

बोंडअळ्यांना प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाच्या लागवडीस भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली; दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. प्रारंभीची काही वर्षे फवारणी घटली. पुढे मात्र गुलाबी बोंडअळीने या विषाला दाद देणे थांबविले. गुजरातमध्ये हे प्रथम आढळले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. किडीचा प्रश्न हा केवळ उत्पन्नाचा नसून माणसांच्या जिवाचाही आहे, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

दोन शेजारी, एक बांध

खेळ सिद्धांताचा पाया जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये घातला. १९४४ मध्ये त्यांनी अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह या विषयावरील मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. येथे खेळ म्हणजे करमणूक नव्हे. ज्या प्रसंगी एकाच्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, तो प्रत्येक प्रसंग या शास्त्राच्या दृष्टीने खेळच होय.

बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. दोघांनीही डिसेंबरअखेर शेत मोकळे केले, तर या व पुढील हंगामाचा मिळून प्रत्येकाचा लाभ ८ गुण धरू. दोघांनीही फरदड ठेवली, तर पुढील हंगामात कीड बळावते आणि लाभ प्रत्येकी ५ वर येतो. एकाने शेत मोकळे केले आणि दुसऱ्याने फरदड ठेवली, तर फरदड ठेवणाऱ्यास १० गुण मिळतात; मोकळे करणाऱ्याच्या वाट्याला मात्र ३ च येतात, कारण पतंगांना बांधाची अडचण नसते.

आता प्रत्येक जण मनाशी विचार करील. शेजाऱ्याने शेत मोकळे केले तर फरदडीत १० आणि मोकळे करण्यात ८. शेजाऱ्याने फरदड ठेवली तर फरदडीत ५ आणि मोकळे करण्यात ३. म्हणजे शेजारी काहीही करो, स्वतःपुरती फरदडच बरी! दोघेही असेच वागले की दोघांच्या हाती ५-५ गुणच उरतात. ८-८ ची संधी दोघेही गमावतात. दोघेही अडाणी नाहीत, लोभीही नाहीत. प्रत्येकाचा हिशेब बरोबर आहे आणि तरीही परिणाम दोघांच्या तोट्याचा आहे. या रचनेस १९५० पासून ‘कैद्यांचा पेच’ असे नाव पडले. ज्या स्थितीतून एकट्याने बाजूला होण्यात कोणाचाच फायदा नसतो, तिला जॉन नॅश या गणितज्ञाच्या नावाने ‘नॅश समतोल’ म्हणतात. समतोल म्हणजे हिताची स्थिती नव्हे, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे.

बीटी बियाण्यासोबत दिल्या जाणाऱ्या बिगर-बीटी बियाण्याची कथा याच जातीची आहे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरावयाचे, म्हणजे तेथे विषाला बळी पडणारे पतंग टिकून राहतात आणि प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होऊन किडीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. परंतु कडेच्या ओळींतील घट एकट्याची आणि लाभ साऱ्या शिवाराचा. म्हणून अनेक ठिकाणी ते पाकीट पेरलेच गेले नाही. पुढे दोन्ही बियाणे एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. खेळाचे नियम बदलले की खेळाडूंचे वागणे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

निकषालाच खेळाडू मानावे

येथवर खेळाडू म्हणजे माणसे होती. परंतु हीच रीत निकषांनाही लावता येते. चालू वर्षाचे उत्पन्न, पुढील वर्षाचे कीडसंरक्षण आणि गावातील मजुरी हे तीन निकष जणू तीन पंच आहेत, प्रत्येक जण आपली बाजू मांडीत आहे आणि एका तोडग्यावर त्यांना यावयाचे आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक निकषाची एक किमान मर्यादा गावाने आधी ठरवावी. तिच्याखाली नेणारा पर्याय विचारातच घेऊ नये. त्या मर्यादेच्या वर प्रत्येक पर्याय किती गुण देतो, ते मांडावे.

समजा, ग्रामसभेपुढे तीन पर्याय आहेत. पहिला: ज्याला जमेल त्याने मार्चपर्यंत फरदड घ्यावी. दुसरा: नोव्हेंबरअखेर साऱ्या गावाने पऱ्हाटी उपटावी. तिसरा: डिसेंबरअखेर साऱ्या शिवारातील कपाशी संपवावी, शेतात शेळ्या-मेंढ्या व जनावरे चारून उरलेली बोंडे संपवावीत, पऱ्हाटीची कुट्टी करण्याचे यंत्र सामाईक ठेवावे आणि पाणी असलेल्यांनी उशिराचा हरभरा किंवा चाऱ्याचे पीक घ्यावे. कल्पित गुण असे:

पहिला पर्याय: उत्पन्न ९, संरक्षण १, मजुरी ७.
दुसरा पर्याय: उत्पन्न १, संरक्षण ९, मजुरी ३.
तिसरा पर्याय: उत्पन्न ५, संरक्षण ६, मजुरी ५.

नेहमीच्या रीतीने बेरीज केली तर पहिल्यास १७, दुसऱ्यास १३ आणि तिसऱ्यास १६ गुण मिळतात, फरदड जिंकते. वाटाघाटीच्या प्रश्नावर नॅश यांनी १९५० मध्ये सुचविलेली रीत निराळी आहे. ती गुणांची बेरीज न करता गुणाकार करते. पहिल्या पर्यायाचा गुणाकार ६३, दुसऱ्याचा २७ आणि तिसऱ्याचा १५० येतो. तिसरा पर्याय फार पुढे जातो.

असे का व्हावे? बेरजेत एका निकषाची भरघोस कमाई दुसऱ्याची उपासमार झाकून टाकते. गुणाकारात तसे होत नाही. कोणताही एक निकष शून्याजवळ गेला की सारा गुणाकार खाली येतो. पंक्तीत एकाच्या पानात पुरणपोळीचा ढीग आणि दुसऱ्याचे पान रिकामे असेल, तर पंगत झाली असे कोणी म्हणत नाही. तसेच हे आहे.

या रीतीचा दुसरा लाभ कारभाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. उत्पन्न रुपयांत मोजतात, मजुरी दिवसांत आणि कीड पतंगांच्या संख्येत. कोणते माप वापरावे यावरच सभेत वाद होतात, आणि बेरजेच्या पद्धतीत माप बदलले की निकालही बदलू शकतो. वरील उदाहरणात संरक्षणाचे गुण दुप्पट मापाने मोजले, तर बेरीज अनुक्रमे १८, २२ आणि २२ होते. पहिल्या क्रमांकावरील पर्याय एकदम तळाशी जातो. गुणाकार मात्र अनुक्रमे १२६, ५४ आणि ३०० होतात आणि क्रम जसाच्या तसा राहतो. माप वाकवून निकाल फिरविण्याची ही वाट त्यामुळे बंद होते.

ठराव टिकावा कसा?

तोडगा सापडला तरी वर पाहिलेला पेच संपत नाही. ठराव झाल्यावर रात्री पाण्याची मोटार सुरू करून फरदड ठेवण्याचा मोह उरतोच. येथे तीन गोष्टी साहाय्यक ठरतात.

पहिली, हा खेळ एकदाच खेळावयाचा नाही. तेच शेजारी, तेच शिवार आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच डिसेंबर. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या सुमारास संगणकावर पुनःपुन्हा खेळल्या जाणाऱ्या पेचाच्या स्पर्धा घेतल्या, तेव्हा ‘जशास तसे’ ही साधी नीती यशस्वी ठरली: प्रथम सहकार्य करावे, नंतर समोरचा वागेल तसे वागावे. कपाशीच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. शेजाऱ्याने फरदड ठेवली म्हणून आपणही ठेवली, तर शिक्षा शेजाऱ्यास न होता साऱ्या गावास होते. म्हणून जाब विचारण्याचा मार्ग शेताबाहेरचा असावा.

दुसरी, नियम पाळला जातो की नाही हे सर्वांना दिसावे. सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांवरून असे दाखविले की, जेथे वापरणारेच नियम करतात, स्वतःच देखरेख करतात आणि चूक करणाऱ्यास प्रथम सौम्य व नंतर वाढती शिक्षा देतात, तेथे व्यवस्था दीर्घकाळ टिकते. देखरेखीचे साधन आपल्या हाती आहेच. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज सरासरी ८ पतंग सापडले, तर उपाययोजनेची वेळ आली, असा संकेत कृषी विभाग देतो. हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले गेले, तर कोणत्या भागात कीड जागी आहे हे सर्वांना कळेल. शाळेतील विद्यार्थ्यांकडे ही नोंद सोपविता येईल. विज्ञान व गणित या दोन्ही विषयांचा तो चांगला पाठ होईल.

तिसरी गोष्ट भरपाईची. फरदड सोडण्याची झळ पाणी असलेल्यांना लागते, तर किडीपासून बचावाचा लाभ कोरडवाहू शेतकऱ्यासही मिळतो. वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रियांचे हिवाळ्यातील कामही कमी होते. ज्यांचे नुकसान होते त्यांना कुट्टीयंत्राचा प्रथम वापर, हरभऱ्याचे बियाणे किंवा रोजगार हमीची कामे त्याच दिवसांत, असे काही मिळाले तरच ठराव त्यांच्याही हिताचा ठरेल. ज्या करारात मोडण्यापेक्षा पाळण्यात लाभ आहे, तोच करार पहाऱ्याविना चालतो.

हीच दृष्टी अन्यत्रही उपयोगी आहे. बेंबळा, अरुणावती, पूस या प्रकल्पांच्या कालव्यांवर शिरोभागाच्या शेतकऱ्याने जास्त पाणी घेतले की पुच्छभाग कोरडा राहतो. तोही पेचच आहे. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा केला, त्यातील पाणी वापर संस्थांची कल्पना वापरणाऱ्यांच्याच हाती नियम देण्याची आहे.

शास्त्राची मर्यादा

गुण कोणी द्यावयाचे, हे गणित सांगत नाही. मजुरीच्या निकषाचे गुण शेतमालकाने आणि फवारणीच्या धोक्याचे गुण कधी पंप पाठीवर न घेतलेल्याने दिले, तर गुणाकार कितीही बिनचूक असला तरी निर्णय चुकेल. म्हणून गुण देण्याच्या बैठकीस प्रत्येक निकषाची झळ ज्याला लागते तो हजर असणे, ही या पद्धतीची पहिली अट होय. आपल्या ग्रामसभेची रचना मुळात याच तत्त्वावर आहे.

पतंग सातबारा पाहून उडत नाही. त्याच्याशी सामना करावयाचा तर निर्णय एका शेताचा असून चालणार नाही. तो शिवाराचा असावा लागेल. डिसेंबर येण्यापूर्वी, पहिला वेचा घरी येत असतानाच, ग्रामसभेने तीन निकष, त्यांच्या किमान मर्यादा आणि शेत मोकळे करण्याची एक तारीख फलकावर लिहिली, तर पुढील वर्षीच्या बोंडांचे रक्षण त्याच दिवसापासून सुरू होईल.