रुग्णपत्रिका : किती काळ जपावी, केव्हा नष्ट करावी?

आपल्या चिकित्सालयातील कपाटात बाहेरून पाहता नुसते कागद असतात. प्रत्यक्षात तेथे गावातील शेकडो कुटुंबांची गुपिते वास करीत असतात. कोणाचे वंध्यत्व, कोणाचे व्यसन, कोणाच्या मनाचा आजार, कोणाचा विवाहापूर्वीचा विकार, असे सारे काही तेथे आपल्याच हस्ताक्षरात नोंदलेले असते. या नोंदी लिहाव्यात कशा, हे आपण महाविद्यालयात शिकलो. त्या किती काळ ठेवाव्यात आणि त्यांचा शेवट कसा करावा, हे मात्र आपल्याला क्वचितच कोणी शिकविले. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित विषयाचा विचार करावयाचा आहे.

आपली परंपरा काय सांगते?

गोपनीयतेची कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर न सांगण्याची स्पष्ट आज्ञा आहे. त्या काळी वैद्याची स्मृती हेच दप्तर होते आणि वैद्यासोबतच त्या नोंदींचाही अंत होत असे. आज ती स्मृती कागदावर, संगणकात आणि भ्रमणध्वनीत उतरली आहे. वैद्य विसरला तरी कागद विसरत नाही. म्हणून जिभेवरचा संयम आता कपाटालाही लागू करणे प्राप्त आहे.

दोन टोके, दोन्ही सदोष

व्यवहारात दोन प्रवृत्ती आढळतात. काही वैद्य पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद माळ्यावर साठवून ठेवतात. वाळवी, उंदीर आणि पावसाळा यांच्याशिवाय त्याकडे कोणी फिरकत नाही. दुसरे काही जण दिवाळीच्या साफसफाईत केसपेपरांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत टाकतात. त्या कागदाची पुडी होऊन ती त्याच गावातील शेजाऱ्याच्या हाती पडली, तर ज्या भगिनीने विश्वासाने आपली व्यथा सांगितली तिच्या वाट्याला काय येईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पहिल्या प्रवृत्तीत गरज संपल्यावरही जोखीम साठत राहते. दुसरीत गरज असतानाच पुरावा नाहीसा होतो आणि गुपितही फुटते.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होण्याची त्यात तरतूद आहे.

या अधिनियमाच्या आठव्या कलमाचे सार असे : ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला, अथवा संबंधित व्यक्तीने संमती मागे घेतली, की माहिती पुसून टाकावी, मात्र अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तर ठेवावी. अधिनियम डिजिटल माहितीला लागू आहे. केवळ कागदावर राहिलेला केसपेपर त्याच्या कक्षेत येत नाही; परंतु तोच कागद स्कॅन करून संगणकात घेतला की येतो. सुरक्षेच्या वाजवी उपाययोजनेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे, तथापि कायद्याचे गांभीर्य त्यावरून ध्यानी यावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नव्या नियमांतील तीन वर्षांची मुदत सर्वांसाठी आहे, असे काही ठिकाणी बोलले जाते. ते बरोबर नाही. ती मुदत कोट्यवधी वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन विक्री व समाजमाध्यम कंपन्यांसाठी आणि ५० लाखांहून कमी नसलेले वापरकर्ते असणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांसाठी आहे. डिजिटल माहिती व तिच्या प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचा नियम मात्र व्यापक आहे. चिकित्सालयाने केसपेपर किती वर्षांनी नष्ट करावा, याचा आकडा हा अधिनियम देत नाही. तो आपल्याला हेतू विचारतो. उत्तर अन्य कायद्यांत आणि चिकित्सेच्या गरजेत शोधावे लागते.

अन्य कायद्यांतील मुदती

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविनियमांनी आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांना आंतररुग्णांच्या नोंदी उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे ठेवण्यास आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देण्यास सांगितले. ते विनियम आपल्यासाठी रचलेले नसले, तरी किमान शिस्त म्हणून ती मुदत नजरेसमोर ठेवणे शहाणपणाचे आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. शिवाय हानी तत्काळ दिसणारी नसेल, तर ती उघड होईल तेव्हापासून मुदत मोजता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात मानले आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार अज्ञान बालकासाठी मुदतीची गणना तो सज्ञान झाल्यावर सुरू होते. म्हणजे आज सहा वर्षांच्या बालकावर केलेल्या उपचारांविषयी पंधरा वर्षांनीही विचारणा होऊ शकते.

ज्यांच्या रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत आहे, त्यांना गर्भलिंगनिदान प्रतिबंधक नियमांनुसार संबंधित नोंदी दोन वर्षे, आणि न्यायालयीन प्रकरण चालू असेल तर त्याच्या अंतिम निकालापर्यंत, ठेवाव्या लागतात. १९६२ च्या आयकर नियमांनी वैद्य व हकीम यांनाही दैनिक रुग्णनोंदवही ठेवण्यास सांगितले आणि हिशेबवह्या संबंधित करनिर्धारण वर्षानंतर सहा वर्षे जपण्यास सांगितले. २०२५ मध्ये आयकराचा नवा अधिनियम संमत झाल्यामुळे पुढील वर्षांसाठी आपल्या करसल्लागाराचे मत घ्यावे. परंतु हिशेबासाठी नाव, सेवेचे स्वरूप आणि शुल्क एवढे पुरते. तेथे व्याधीचा तपशील लिहिण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाची विशेष गरज

आपल्या चिकित्सेत जुन्या नोंदीचे मोल अधिक आहे. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, सात्म्य यांचे परीक्षण एकदा नीट नोंदले की पुढील अनेक वर्षे उपयोगी पडते. मागील वसंतात वमनाचे वेग किती आले, स्नेहपानात कोणती मात्रा सोसली, विरेचनानंतर कोणता उपद्रव झाला, हे माहीत नसता पुन्हा शोधन करणे म्हणजे अंधारात चालणे होय. रसौषधींच्या बाबतीत कल्प, निर्माता, बॅच क्रमांक, मात्रा आणि कालावधी यांची नोंद रुग्ण व वैद्य या दोघांचेही रक्षण करते. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची सूचना पाठवितानाही हाच तपशील लागतो.

एक प्रस्ताव

हे सर्व ध्यानी घेऊन पुढील वेळापत्रक विचारार्थ मांडीत आहे. हा कायदा नव्हे, प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. प्रौढ बाह्यरुग्ण : शेवटच्या भेटीपासून ५ वर्षे.
२. आंतररुग्ण, पंचकर्म, क्षारसूत्र व दीर्घकाळ रसौषधी घेतलेले रुग्ण : शेवटच्या उपचारापासून १० वर्षे.
३. बालरुग्ण : वयाची २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत, अथवा वरील मुदत, यांपैकी जी अधिक असेल ती.
४. तक्रार, नोटीस वा खटला असलेले प्रकरण : अंतिम निकाल लागून अपिलाची मुदत संपेपर्यंत, यातील एकही कागद हलवू नये.
५. त्वचारोग, व्रण इत्यादींची छायाचित्रे : उपचाराच्या तुलनेपुरती. लेखासाठी वा व्याख्यानासाठी वापरावयाची असल्यास स्वतंत्र लेखी संमती घ्यावी.

जगात याचे एकच उत्तर नाही. जर्मनीत उपचार संपल्यापासून दहा वर्षे ही मुदत आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या रुग्णालयीन नोंदींसाठी आठ वर्षे आणि बालकांसाठी सामान्यतः पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत असा दंडक आहे. महत्त्व आकड्यापेक्षा, तो आधी ठरवून, लिहून ठेवून पाळण्याला आहे.

रुग्णाने मुदतीपूर्वीच नोंदी नष्ट करण्याची मागणी केली तर? कायद्याने बंधनकारक नोंदी ठेवाव्या लागतील आणि कायदेशीर हक्काच्या संरक्षणासाठी आवश्यक माहितीला अधिनियमात सवलत आहे, हे त्याला समजावून सांगावे. परंतु अनावश्यक छायाचित्रे, दूरध्वनी सूचीतील नाव, प्रचाराचे संदेश हे तत्काळ काढून टाकावेत.

नष्ट करण्याची रीत

मुदत संपलेल्या रुग्णाला, संपर्क शक्य असल्यास, त्याच्या प्रकृतीचा व महत्त्वाच्या उपचारांचा एक पानी सारांश द्यावा. नंतर कागद यंत्राने कातरून वा पाण्यात भिजवून लगदा करावा. अखंड कागद रद्दीत कदापि देऊ नये. नष्ट केलेल्या पत्रिकेचा क्रमांक, दिनांक आणि साक्षीदाराची सही एका वहीत नोंदवावी; व्याधीचे नाव त्या वहीत नसावे. संगणक विकण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क पूर्ण पुसावी. व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे केसपेपरात घेऊन भ्रमणध्वनीतून काढावीत, कारण तो भ्रमणध्वनी घरातील मुलेही हाताळतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे : वैद्याच्या पश्चात या कागदांचा वाली कोण? चिकित्सालय मुलगा वा सून चालविणार असेल तर ठीक. अन्यथा कुटुंबीय तो खोलीभर पसारा पहिल्या भेटलेल्या माणसाच्या हवाली करतात. म्हणून प्रत्येक वैद्याने आपल्या हयातीतच एका विश्वासू व्यवसायबंधूचे नाव लेखी ठरवावे. आपल्या जिल्हा शाखांनी अशा अभिरक्षकांची यादी तयार केली आणि वर्षातून एक दिवस सामुदायिकरीत्या कागद नष्ट करण्याची सोय केली, तर ग्रामीण भागातील एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यांचा मोठा भार हलका होईल. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे.